टाचबाई

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुंदाबाईंचे आहेत, आणि त्यांनी मला आयुष्यात एकदाही शाबासकी दिली नाही. देऊळगाव राजात त्यांना सगळे टाचबाई म्हणत. मुलीला नाच शिकवायला घेऊन आलेल्या प्रत्येक आईबापाला त्या आधी खुर्चीवर बसवत, पाणी देत, आणि मग डाव्या पायाचा मोजा काढत. बाई बारा महिने मोजे घालायच्या, अगदी मे महिन्यातसुद्धा. मोजा निघाला की अंगठा दिसे. मुळापाशी सुपारीएवढा फुगलेला आणि शेजारच्या बोटावर आडवा पडलेला. तो वाकत नसे. "हा माझा अंगठा," बाई म्हणत. "नऊ वर्षांची असताना मला टोकावर उभं केलं. लोकांनी फार टाळ्या वाजवल्या. आता बोला, तुमच्या मुलीला काय शिकवायचंय?"

निम्मे पालक तिथूनच परत जात. "गर्दी कमी झाली," म्हणत बाई मोजा चढवत.

बाई मूळच्या पुण्याच्या. लहानपणी कॅम्पात एका पारशी बाईंकडे बॅले शिकलेल्या. यजमान आमच्या गावचे, बँकेत होते. ते निवृत्त होऊन गावी आले तेव्हा बाईही आल्या आणि बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत, घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्यांनी वर्ग सुरू केला. बॅले म्हणजे काय, तर गावाला एवढंच ठाऊक होतं की गुलाबी फ्रॉक घालून पायाच्या टोकावर उभं राहायचं. त्यासाठी वेगळे बूट असतात, पुढून लाकडासारखे कडक. मुली त्यांना टोकाचे बूट म्हणत. ते पायात घालण्याआधी कितीतरी वर्षं साध्या मऊ बुटांत, भिंतीवरचा पाइप धरून टाचा वर करायच्या आणि खाली आणायच्या असतात, ही गोष्ट गावाला पसंत नव्हती. गावाला टोक हवं होतं. बाई टाच शिकवत होत्या.

"टाच खाली" हे शब्द त्या तासाभरात इतक्या वेळा म्हणत की खालच्या गल्लीतली पोरं त्यांच्या सुरात एकमेकांना तेच ओरडत. त्यांचं दुसरं वाक्य होतं, "वर कोणीही जातं. खाली कशी येतेस ते दाखव." एखादी मुलगी चवड्यांवर उठली आणि मग धपकन टाचांवर आदळली, की बाई डोळे मिटून घेत. "गोणी उतरवली वाटतं कोणीतरी," असं म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लावत.

माझे वडील मांडव घालतात. लग्न, सभा, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे आमचेच बांबू आणि आमचंच स्टेज. बाईंच्या खोलीत शहाबादी फरशी होती. तिच्यावर उड्या मारून गुडघे जातात म्हणून त्यांना लाकडी जमीन हवी होती. वडिलांनी फळ्या आणि प्लायवूड नेऊन टाकलं. मी बरोबर गेले होते. बाईंनी मोजे काढले आणि खोलीभर अनवाणी सावकाश चालल्या, दुकानात कापड चाचपावं तशा. एका जोडापाशी थांबल्या.

"इथे उंच आहे."

"केसभर असंल, बाई," वडील म्हणाले. "लग्नात याच्यावर पाचशे माणूस चढते."

"चढू दे. त्या पाचशेतलं एकही अंगठ्यावर उभं राहत नाही. उखडा."

वडिलांनी उखडलं, पुन्हा घातलं. बाई पुन्हा चालल्या आणि पुन्हा उखडायला लावलं. तिसऱ्या खेपेला वडील रंधा मारता मारता पुटपुटले, "ही बाई हाय का पाणसळ." बाईंनी ते ऐकलं. पातळी तपासायच्या अवजाराची उपमा त्यांना आवडली असावी, कारण त्यांनी पहिल्यांदाच कामाबाहेरचं काहीतरी विचारलं. "ही तुमची मुलगी? इकडे ये गं. पाय ओले कर आणि बाहेरच्या फरशीवर उभी राहा."

मी उभी राहिले आणि बाजूला झाले. फरशीवर पायांचे अख्खे ठसे उमटले, मधे कुठेही खाच नाही.

"सपाट," बाई म्हणाल्या. "पापडासारखे पाय आहेत. फार वाईट. उद्यापासून पाठवा."

वडिलांना काही कळेना. "वाईट हाय म्हणता, मंग पाठवू काऊन?"

"वाईट पायाची मुलगी ऐकते. चांगल्या पायाच्या मुलीला आधीच सगळं येत असतं."

त्या दिवसापासून माझं नाव सपाट पडलं. बाईंनी मला दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं आठवत नाही.

घरी आई विचारायची, "तिथं जाऊन शिकून काय राह्यली तू?" मी सांगायचे, टाच वर, टाच खाली. "ते तं मी रोजच करते, वरच्या फळीवरचा डबा काढताना," आई म्हणायची. "मले कोणी त्याच्यासाठी बाई नाही ठेवली." बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आईला विचार, डबा काढून झाल्यावर टाचा खाली कशा आणते." मी विचारलं. आईनं मला लाटणं दाखवलं.

मी तीन वर्षं टाचा वर-खाली केल्या, आणि त्याच काळात जालना रोडवर एक अकॅडमी निघाली. गाळ्याला गुलाबी अक्षरांची पाटी, आत भिंतभर आरसा, आणि आरशासमोर स्टँडवर लावलेला मोबाइल. तिथल्या सरांचं मुलींच्या पायांकडे कधी लक्ष नसे, ते मोबाइलकडे बघत असत. झुंबा, वेस्टर्न, बॅले, लग्नाचं संगीत, सगळं एकाच गाळ्यात. बॅले ते स्वतःही त्याच मोबाइलवरून शिकले होते, आदल्या दिवशी. "रिझल्ट एका महिन्यात," असं ते सांगत, आणि जी गावं धाब्यावर जेवणाची वाट बघत बसतात तीच गावं मुलीच्या हाडांसाठी महिन्याच्या वर थांबायला तयार नसतात, हे त्यांना बरोबर कळलं होतं. बाईंकडच्या मुली एकेक करून तिकडे गेल्या. एका मुलीचे वडील जाताना म्हणाले, "दोन वर्षं झाली बाई, पोरगी अजून जमिनीवरच हाय." बाई म्हणाल्या, "जमिनीवरच असायला हवी. ती पतंग नाही."

सर एकदा स्वतः आले होते. "मॅडम, आपण मिळून काहीतरी करू. तुमचा अनुभव, माझं प्रमोशन." बाई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मोजा काढू का?" सरांना काही समजलं नाही. त्यांनी जाताना जिन्यात एक सेल्फी मात्र काढला.

त्या वर्षी गावातल्या मोठ्या शाळेचं गॅदरिंग होतं. स्टेज आमचं, नाच अकॅडमीचे. सरांनी वडिलांना गाठलं. "तुमची मुलगी तीन वर्षं बॅले करते ना? मग मधोमध तिलाच उभी करतो. फक्त टोकाचे शूज आणा." माझ्या वडिलांचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांच्या नाचामागे पडद्याची दोरी धरून गेलेलं. त्यांच्या स्वतःच्या स्टेजवर, त्यांची स्वतःची मुलगी, मधोमध. त्यांनी मुंबईच्या मामेभावाला फोन केला. बूट आले. अबोली रंगाचे, रेशमी, चमकणारे. मला ते इतके हवे होते की मी ते पायात घालायचंही धाडस केलं नाही. नुसते मांडीवर घेऊन बसले.

बूट एक नंबर मोठे होते. इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्याकडे मुलांचे बूट मापाचे घेतच नाहीत. दुकानदारच विचारतो, किती वाढवून देऊ. पहिल्या वर्षी पुढे कापूस कोंबायचा, दुसऱ्या वर्षी बूट बसतो, तिसऱ्या वर्षी चावतो. म्हणजे तीन वर्षांत एक वर्ष मूल नीट चालतं, आणि एवढ्यावर आम्ही स्वतःला हुशार समजतो. वडिलांनी ती हुशारी इथेही वापरली होती, आणि ती सांगायला ते मला घेऊन बाईंकडे गेले.

बाईंनी बूट हातात घेतला. टोक दाबून पाहिलं, तळवा वाकवून पाहिला. माझा पाय बघितला आणि बूट शेजारी धरला.

"हे वाढवून घेतलेत?"

"एकच नंबर, बाई. पोरीचा पाय वाढता हाय. दोन वर्षं तरी जातील. समोर थोडा कापूस घालू."

बाई हसल्या. त्यांचं हसणं कोणालाच आवडत नसे. "मांडववाले, तुम्ही खांबाचा खड्डा खांबापेक्षा मोठा खणता का?"

"खणावाच लागते. मंग बाजूनं दगडं ठोकतो, पाचर मारतो."

"आणि पाचर न मारता नुसता कापूस कोंबला तर?"

वडिलांनी बुटाकडे बघितलं. "मंग खांब हालते," ते म्हणाले.

"आणि वरचा मांडव?"

"बसते खाली."

"हिचं सगळं वजन दोन अंगठ्यांवर येणार. बूट सैल असला की पाय आत घसरतो आणि बोटं टोकात जाऊन चेंगरतात. तिथे मारा मग पाचर." बाईंनी बूट टेबलावर ठेवला. "अकरा वर्षांची आहे. हाडं अजून ओली आहेत. घोटा डावीकडे लवंडतो. टाच अजून गोणीसारखी उतरवते. वर्षानं बघू. पाय बुटाएवढा झाला आणि घोटा सरळ राहिला, तर. नाहीतर हे बूट दारावर टांगा, नजर लागणार नाही."

मी रडायला लागले. बाई म्हणाल्या, "रड. पण पाठ सरळ ठेवून रड."

घरी येताना मला वाटलं वडील बाईंचं ऐकणार नाहीत. सरांचा मान होता, गावाचा कार्यक्रम होता, बूट घरात आलेले होते. दुसऱ्या दिवशी ते अकॅडमीत गेले आणि सरांना म्हणाले, "खांब हालून राह्यला सर. यंदा नाही होत." सरांना कुठला खांब ते कळलं नाही. त्यांनी स्टेज मजबूत करायला सांगितलं.

मधोमध सायलीला उभं केलं. ती आधी बाईंकडे माझ्या शेजारीच पाइप धरून उभी असायची. तिचेही बूट वाढवूनच घेतलेले होते. गॅदरिंगला पाहुण्यांची भाषणं झाली. एका पाहुण्यानं ग्रामीण भागातल्या मुलींनी भरारी घ्यावी असं सांगितलं आणि भरारी बघायला न थांबता गाडीत बसून गेला. मग गाणं लागलं आणि सायली टोकावर उठली. ती हसत होती. तिचे घोटे थरथरत होते, पण ते कुणाला दिसणार? सगळे मोबाइलच्या पडद्यातून बघत होते आणि पडद्यात फक्त फ्रॉक मावत होता. टाळ्या जोरात पडल्या. मी स्टेजमागे वडिलांशेजारी उभी होते. ती आत आली आणि बांबूला धरून खालीच बसली. बूट ओढून काढला तर कापसाचा बोळा लाल झालेला. अंगठ्याचं नख निम्मं उचकटलेलं.

सर पुढच्या गाण्याची तयारी करत होते. सायलीची आई समोर बसलेल्या बायकांकडून अभिनंदन घेत होती. बाई शेवटच्या रांगेतून उठून मागे आल्या. त्यांनी चहाच्या टपरीवरून कोमट पाणी आणि मीठ मागवलं, जमिनीवर बसकण मारली आणि सायलीचा पाय मांडीवर घेतला. ती ओरडली तेव्हा म्हणाल्या, "टाळ्या मिळाल्या ना? लाव त्या बोटाला." हात मात्र त्यांचा इतका हलका चालत होता की सायली हळूहळू गप्प झाली. बांधायला काही नव्हतं. बाईंनी रुमाल गुंडाळला, वर स्वतःचा डावा मोजा काढून तिच्या पायात चढवला, आणि एका मोज्यावर, चपला फटफटवत, भरल्या मैदानातून घरी गेल्या. त्या दिवशी सगळ्या गावाला त्यांचा अंगठा दिसला असता. गाव पुढचं गाणं रेकॉर्ड करत होतं.

सायलीनं नंतर नाच सोडला. तिच्या आईच्या फोनमध्ये तो व्हिडिओ अजून आहे. त्यात टाळ्या स्पष्ट ऐकू येतात.

माझे बूट बाईंनी वर्गातल्या खिळ्याला टांगले, अगदी पाइपासमोर. वर्षभर ते माझ्या नाकासमोर लोंबत होते. दर महिन्याला बाई एका पायावर उठवून बघत, घोट्यावर बोट ठेवत आणि म्हणत, "लवंडतोय." कधी नुसतंच तोंड वाकडं करत. एकदा म्हणाल्या, "कमी लवंडतोय." मला इतका आनंद झाला की मी लगेच पुन्हा लवंडले.

पुढच्या थंडीत एके दिवशी त्यांनी बूट खिळ्यावरून काढले, माझ्या पायात घातले, टाचेमागे करंगळी सरकवायचा प्रयत्न केला. ती गेली नाही. "तुझ्या वडिलांचा अंदाज चुकून बरोबर आला," बाई म्हणाल्या. "शिव फिती. स्वतः शिव. ज्याला बूट घालायचा त्यानं सुई धरायची." फिती शिवल्या. किराणा दुकानातून आणलेली राळ कुटून फळीवर पसरली, पाय घसरू नये म्हणून. मी पाइप दोन्ही हातांनी धरला.

"ढकलू नकोस. जमिनीला दाब आणि वर ये."

मी वर आले. बोटांना आग लागल्यासारखं झालं. गुडघे सरळ, घोटे सरळ. खिडकीतून बाहेर एरवी न दिसणारं काहीतरी दिसत होतं.

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"शेजारच्यांची पाण्याची टाकी."

"बस. एवढ्यासाठी लोक बोटं मोडून घेतात." त्या माझ्या घोट्यांकडे वाकून बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "आता खाली ये. बघू."

मी खाली आले. टाचांचा आवाज झाला नाही. बाईंनी डोळे मिटले नाहीत, एवढं मी पाहिलं.

मी पुढे बरीच वर्षं नाचले, पण नर्तकी झाले नाही. दहावीनंतर बाईंनी वडिलांना बोलावून सांगितलं, "हिला नाचात काही भविष्य नाही. पाय वाईट. पण दुसऱ्याचा पाय हिला कळतो. त्याचं शिक्षण असतं, फिजिओथेरपी म्हणतात. विज्ञान घ्या." आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. तो शब्द वडिलांना उच्चारता येईना. ते तालुकाभर सांगत सुटले, "पोरगी पायाची डॉक्टर होऊन राह्यली." माझ्या प्रवेशाच्या दिवशी बाई आमच्याबरोबर एस.टी.नं आल्या. कॉलेजच्या व्हरांड्यात मी उंच टाचांच्या चपला घातलेल्या मुलींकडे बघत होते, तर म्हणाल्या, "बघून घे. हे सगळे तुझे पुढचे पेशंट."

आज मी जालन्याला एका दवाखान्यात काम करते. घरचे लोक आजोबांना अर्धांगवायूनंतर घेऊन येतात आणि म्हणतात, "मॅडम, घरात लग्न हाय, तवर उभं करून द्या, फोटोत पाहिजेत." उभे आजोबा त्यांना फोटोपुरते हवे असतात. त्यानंतर आजोबा खाली कसे बसतील, हे कोणी विचारत नाही. मी विचारते. त्यांना मी खडूस वाटते. मला ते फार बरं वाटतं.

यजमान गेल्यावर पुण्याहून भाचा आला आणि बाईंना घेऊन गेला. घर विकलं गेलं. सामान टेम्पोत चढवायला वडील होते. बाई त्यांना म्हणाल्या, "तुमचं प्लायवूड तेवढं घेऊन जा. तो जोड अजून उंच आहे." मग माझ्याकडे वळल्या. मी डोळे पुसत होते, पाठ सरळ ठेवून. "फोन करू नकोस," त्या म्हणाल्या. "फोनवर माणूस उगाच गोड बोलतं. पत्र लिही. थोडक्यात लिही."

गेल्या महिन्यात मी त्यांना पाठवलेलं पत्र असं होतं:

"बाई, नमस्कार.

तुमचं प्लायवूड बाबांनी पुन्हा कुठल्याही लग्नात वापरलं नाही. आता ते आमच्या गच्चीवरच्या खोलीत घातलंय. तुम्ही नव्हता, तरी बाबा अनवाणी चालून बघत होते आणि उखडत होते. आईनं विचारलं, आता कोण ओरडून राह्यलं तुम्हाले? ते म्हणाले, बाई.

दर रविवारी मी जालन्याहून येते. चार मुली येतात. त्यातली एक सायलीची आहे. सायली स्वतः सोडायला येते आणि जिन्यात बसून राहते. सगळ्या मुली टोकाचे बूट मागतात. मी दिलेले नाहीत. अकॅडमी अजून चालू आहे, पाटी आणखी मोठी झाली आहे.

एक अडचण आहे. पालक आले की मीही त्यांना खुर्चीवर बसवते, पाणी देते आणि मोजा काढते. माझा अंगठा सरळ आहे, बाई. ते बघत राहतात. त्यांना त्यात काहीच दिसत नाही. मग मला तुमच्याबद्दल सांगावं लागतं.

उत्तर लिहिलंत तर चुका काढून लिहा.

तुमची,
सपाट"